मावशीचं नाक

प्रिय मावशी,

तुला वाटतं, मी सरबताच्या कंपनीत आहे. खरं म्हणजे मी वाइन, व्हिस्की, रम चाखते आणि कशासोबत काय खावं ते लिहिते. घोट गिळत नाही, थुंकते. तेवढं तरी ऐकून घे. हे पत्र काही मी टाकणार नाही, म्हणून तर एवढं धाडस.

आज चौथ्या वाइनची सगळ्यांनी वाहवा केली. मी नुसता वास घेतला आणि म्हणाले, "ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. बूच खराब आहे." दुसरी बाटली उघडल्यावर सगळ्यांना फरक कळला. साहेबांनी विचारलं, "कुठं शिकलात हे?" मी कॉलेजचं नाव सांगितलं.

खोटं बोलले. काका दारात बूट काढायचे, तेव्हाच ते काय पिऊन आलेत ते तू स्वयंपाकघरातून वासावर ओळखायचीस. बिअर असली तर खारे बटाटे, म्हणजे ते हसत जेवायचे. व्हिस्की असली तर गरम सूप, म्हणजे लवकर झोपायचे. रमचा वास आला की तू काहीच वाढायची नाहीस. माझ्या हातात वही देऊन म्हणायचीस, "जा, शेजारी बसून अभ्यास कर." मी मागच्या दारानं निघायची. तू घरातच थांबायचीस.

त्यांचा हात माझ्यापर्यंत कधी पोचला नाही, तो तुझ्या नाकामुळे.

आता शेकडो बाटल्यांवर लिहून झालंय. रम आली की मात्र 'सोबत काय खावं' ही ओळ मी अजूनही कोरी सोडते.

शेजारी बसून अभ्यास पुरा केलेली,
तुझी भाची