मागच्या काचेचे सत्तावीस प्रश्न

१८ नोव्हेंबर, सकाळी १०. उणे एकोणीस.
गाडीची मागची काच गेली. सगळीच्या सगळी. डिकीत खडीसाखरेसारखा ढीग पडलाय. कारण: थंडी. काच सतरा वर्षांची, तिला सोसली नसणार. खोलात जाण्यात अर्थ नाही.

मी अजिबात घाबरलेलो नाही. कॅनडातल्या थंडर बेच्या बंदरावर चौतीस वर्षं धान्य तपासनीस होतो. मूठभर गहू हातावर घेऊन अख्खी वॅगन पास की नापास ते सांगायचो. प्रश्न विचारल्याशिवाय माझ्या हातून दाणा सुटला नाही, तर काच काय सुटणार. उद्याच दुकानाला फोन. पण बुक करण्याआधी पाच प्रश्न: बर्फ वितळवणाऱ्या तारा नव्या काचेत असतात का, रेडिओची एरियल काचेतच आहे तिचं काय, काच मूळ कंपनीची की भलत्याच, डिकीतला चुरा कोण काढणार, वेळ किती. शुक्रवारपर्यंत काम फत्ते.

ता. क. गाडी मी रिव्हर्स घेत होतो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. रिव्हर्स घेण्यात या गल्लीत माझा हात धरणारा कोणी नाही. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. मागच्या काचेवरचा बर्फ मी कधी खरवडतसुद्धा नाही, गरजच पडत नाही. सिल्वी, माझी बायको, मागे उभी राहून काचेवर हात मारायची ते खरं. दोनदा थप थप म्हणजे ये, एकदा थप म्हणजे थांब. पण ती तिची हौस होती. मार्चमध्ये ती गेली. उन्हाळाभर मी गाडी रस्त्यावरच लावली, सावलीसाठी. आता बर्फ काढणाऱ्या गाड्या फिरतात म्हणून ती आत घ्यावी लागते. नगरपालिकेचा नियम. म्हणजे तसं पाहिलं तर काच नगरपालिकेनेच फोडली.

१९ नोव्हेंबर, दुपारी.
फोन केला. दुकान लॉरेन नावाच्या बाईंचं. आवाजावरून पन्नाशीच्या, आणि कामात. पाचही प्रश्नांची उत्तरं त्यांनी मी चष्मा लावेपर्यंत दिली. तारा असतात, एरियल असते, काच दोन्ही प्रकारची मिळते, चुरा त्या ओढून काढतात, काम दीड तासाचं. घरी येऊन मात्र बसवणार नाहीत. या थंडीत चिकटवण धरत नाही, गाडी दुकानात आणावी लागेल.

मग म्हणाल्या, आता माझा एकच प्रश्न, काच फुटली कशी?

लाइन खराब होती. म्हणजे मी फोन ठेवला.

२१ नोव्हेंबर.
काचेच्या जागी काळी कचऱ्याची पिशवी चिकटवली. सुबक काम. शेजारच्या नेलोने कुंपणावरून बघितलं आणि म्हणाला की गाडी कुणाच्या मयताला निघालीये का. नेलोचं आणि माझं चाळीस वर्षं असंच चालतं. काच कशी गेली विचारलं त्याने. कावळ्याने दगड टाकला म्हटलं. तो बराच वेळ माझ्या कनूकडे बघत राहिला. लाल कनू, वल्ह्याची निमुळती होडी, आमच्या गाडीच्या वाटेला लागूनच दोन लाकडी तिवयांवर पालथी आहे, शेपूट जरा वाटेवर आलंय. दर ऑक्टोबरात ती गॅरेजात जाते. एक टोक सिल्वी धरायची, एक मी. यंदा अर्ध्यातच राहिली. नेलो म्हणाला, आण, मी धरतो एक टोक. नको म्हटलं. मला घाई नाही.

संध्याकाळी चारला दुकानात ब्रेड आणायला गेलो. अल्गोमा स्ट्रीटवर वाऱ्याने पिशवी फुगली आणि आत बसली. थप. एकदाच.

मी ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध. मागच्या ट्रकवाल्याने माझ्या आईवडिलांचा उद्धार केला. या शहरात सभ्यता उरलेली नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार.
आज सिग्नलला उभा होतो. थप थप. निघालो. सिग्नल लाल होता.

पोलीस भला माणूस. काच कशी फुटली विचारलं त्याने. त्याला मूस हरणाबद्दल सांगितलं. लवकर बसवून घ्या म्हणाला आणि समज देऊन सोडलं.

संकल्प: पिशवीचं ऐकायचं नाही. पिशवी ही पिशवी असते.

आठवड्याची सॉना, म्हणजे वाफेची खोली, तापवली. वरच्या बाकावर एकटाच. पाणी ओतायचं कुणी यावर आता भांडण होत नाही. निवांत बरं वाटतं. पाच मिनिटांत बाहेर आलो.

२७ नोव्हेंबर.
काइसाचा विनिपेगहून फोन. माझी मुलगी, पण बोलते माझ्या आईसारखी. तिला नेलोने सगळं कळवलंय. म्हणाली, "बाबा, वीस तारखेला मी येतेय. तेव्हा गाडीला पिशवी दिसली तर किल्ल्या माझ्याकडे आणि गाडी विकायला." मी म्हटलं बुकिंग झालंय. जवळजवळ झालंच आहे. फक्त प्रश्न पूर्ण व्हायचे आहेत. आज चौदा झाले. मागचा वायपर पुन्हा लागेल का? ब्रेकचा तिसरा दिवा? हमी कशाची, काचेची की गळतीची? विमा कंपनीला आधी विचारायचं की नंतर? अडाण्यासारखं बुक करणाऱ्यांतला मी नाही.

विमा कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना आहे: घटना कशी घडली. दोन ओळी सोडल्यात त्यांनी. दोन ओळींत काय मावणार. रकाना कोरा ठेवलाय.

२ डिसेंबर, सकाळी ११.
लॉरेनबाईंना एकोणीस प्रश्न विचारले. अठरा सुरळीत गेले. बसवणाऱ्याचा अनुभव विचारला, तर म्हणाल्या बसवणारी मीच, बावीस वर्षं.

एकोणिसावा प्रश्न कागदावर नव्हता. तोंडातून गेला. नव्या काचेवर बाहेरून हात मारला तर आत आवाज जुन्या काचेसारखाच येतो का?

त्यांनी हळूच विचारलं, "हात कोण मारणार आहे?"

मी म्हटलं, सहज, गिऱ्हाइकाला माहिती असावी. मग त्या पुन्हा तेच, फुटली कशी. दारावर कोणीतरी आलं सांगून फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं. मी जाऊन बघितलंसुद्धा.

६ डिसेंबर.
थंडी आत येते म्हणून पिशवी काढून जाड प्लास्टिक ताणून लावलं, चारी बाजूंनी डबल टेप. उत्तम काम. दिवसभर गाडी फिरवली. लायब्ररी, पोस्ट, बंदरापर्यंत जाऊन परत. एक आवाज नाही. गाडीत इतकं शांत मी कधी बसलेलो नाही.

घरी आल्यावर खालच्या बाजूची टेप थोडी सोडली. हवा खेळती हवी.

७ डिसेंबर.
थप थप. थप. सकाळपासून तीनदा. आज प्रकृती उत्तम आहे.

११ डिसेंबर.
डोकं दुखतंय, चार दिवस. चष्म्याचा नंबर वाढला असावा. सीटवर बर्फाची पूड. सिल्वीच्या सीटवर जास्त. झटकली. तिला ओलं चालायचं नाही.

रोज सकाळी गाडी काढताना काय करतो ते लिहून ठेवतो, कारण ते पूर्ण शास्त्रीय आहे. इंजिन चालू करतो आणि वाट बघतो. वारा असेल तर दोनदा वाजतं, मग मागे घेतो. वारा नसेल तर आज बाहेर काही काम नाही असं ठरतं. सोमवारी वारा नव्हता, दंतवैद्य राहिला. काल नव्हता, पाव राहिला. माणसाने निसर्गाशी जुळवून घ्यावं.

दुपारी नेलो गुलाबी आयसिंगचे गोड पाव घेऊन आला, इथे त्यांना पर्शियन म्हणतात. घरात येताच नाक वर करून म्हणाला, तुझ्या कोटाला सायलेन्सरच्या धुराचा वास मारतोय. फुटक्या काचेतून धूर आत ओढला जातो, अशाने एक दिवस सिग्नललाच झोपशील. मी म्हटलं बघू. मग त्याने कप खाली ठेवला.

"आर्वो, त्या दिवशी मी खिडकीत होतो. लेका, मी बघितलं सगळं. बाजूचं दार उघडं टाकून बसला होतास तू. दहा मिनिटं. उणे एकोणिसात."

नेलोची नजर वयामुळे अधू झाली आहे. त्याला तसं सांगितलं. तो कप धुऊन गेला.

प्रश्न सव्वीस झाले. डोकेदुखीचा त्याच्याशी संबंध नाही.

१३ डिसेंबर.
काइसाने तिकीट काढलं. पुन्हा म्हणाली, किल्ल्या टेबलावर तयार ठेवा. गाडी गेली तर सिल्वीची सीटही जाईल. तिने मागे करून ठेवली होती, पाय लांब करता यावेत म्हणून, शेवटच्या महिन्यात. तो खटका मी हलवलेला नाही. कुणी विकत घेणारा येऊन खस्सकन पुढे ओढेल.

लॉरेनबाईंना फोन करून सोळा तारीख घेतली. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, तुमचे प्रश्न घेऊन या.

१६ डिसेंबर, दुपारी ४.
सकाळी वारा नव्हता. तरी निघालो. गाडी काल मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून लावली होती. तेवढ्यासाठी गल्लीला तीन फेऱ्या आणि गवताचं नुकसान. पण धोरण म्हणतात ते हेच.

लॉरेनबाई बुटक्या, हातावर काचेचे बारीक जुने व्रण. मी सव्वीस प्रश्नांचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, सगळा, आणि घडी करून खिशात घातला. मग प्लास्टिक काढून चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"लाल रंग लागलाय इथे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कनू आहे ना?"

मी कावळ्याचं सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी उगाच विचारत नाही. काच थंडीने गेली की दगडाने की धडकेने, त्यावर माझं काम ठरतं. धडक असेल तर पत्रा वाकलेला असतो, वाकलेल्या पत्र्यावर नवी काच बसवली तर महिन्याभरात तीही जाईल. "बाकी सगळं तुम्ही मला विचारलंत. हे तेवढं मी विचारतेय."

सांगितलं. का सांगितलं कळत नाही. काच पांढरी झाली होती बर्फाने, मी खरवडली नव्हती, कधीच नसते. मागे घेतली. थप. एकदा. जोरात.

"मी थांबलो," म्हटलं. "ती असं एकदा मारायची म्हणजे थांब. मग पुढे येऊन बाजूला बसायची. म्हणून मी वाकून तिच्या बाजूचं दार उघडलं."

लॉरेनबाईंनी हातातलं प्लास्टिक खाली ठेवलं.

"बराच वेळ थांबलो. ती येताना नेहमी पायरीवर बूट झटकते, त्यात वेळ जातो. मग थंडी वाजायला लागली. दार ओढून घेतलं, आणि त्या धक्क्याने मागची काच सगळी खाली आली. तोपर्यंत मला फुटलीय हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आलीये."

एवढं मी गेल्या नऊ महिन्यांत कुणाशी बोललो नव्हतो. काइसाशीही नाही. बाईंनी नाक पुसलं आणि हातोडी घेऊन पत्रा सरळ केला. बराच वेळ ठोकत होत्या.

दोन तासांनी काच बसली. सूचना: उद्यापर्यंत एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, दारं आपटू नका, आतल्या हवेच्या दाबाने ओली काच उचलली जाते. मी विचारलं, थांब म्हणायला कुणी हात मारला तर? उद्यानंतर चालेल म्हणाल्या. हा सत्ताविसावा.

मग गाडी दुकानातून मागे घ्यायची होती. मी बसलो. इंजिन चालू केलं. काच इतकी स्वच्छ की रस्त्यापलीकडची पाटी वाचता येत होती. बसून राहिलो. बाईंनी खिडकीवर टकटक केली आणि म्हणाल्या, सरका. मी सरकलो. सिल्वीच्या सीटवर. त्यांनी एका झटक्यात गाडी बाहेर काढली. इथून मागचं काहीच दिसत नाही, तिकडचा आरसा चालवणाऱ्यासाठी असतो. एवढी वर्षं तिला मी दिसत असेन, बाकी काही नाही.

पुढे घरापर्यंत मीच चालवली, काही वाजलं नाही. मी दोनदा रेडिओ बंद करून ऐकलं.

१९ डिसेंबर, सकाळी ९. उणे बावीस. वारा नाही.
काल नेलोला बोलावून कनू गॅरेजात ठेवली. त्याने सिल्वीचं टोक धरलं. फार वर धरतो, पण असो.

आज काइसासाठी बाजार करायचा होता. मागची काच खरवडली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, अकरा मिनिटं लागली. आत बसून मागे बघितलं. वाट मोकळी. गल्ली मोकळी. कुणी नव्हतं. हळूहळू मागे घेतली.

थप.

थांबलो. हात बाजूच्या दाराकडे गेला होता, तो परत स्टिअरिंगवर ठेवला. खाली उतरलो. नेलोचा कचऱ्याचा डबा होता, काचेतून दिसत नाही इतका बुटका. उभा केला, सांडलेलं भरलं, आणि ब्रेड आणायला गेलो.