पहिली मूठ

काकी,

यंदा देवपूरच्या घरी पहिल्यांदाच कानबाई बसवली. नारळ, नथ, फुलं, त्यांचा खर्च काहीच नाही. जड गेलं ते तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठमूठ गहू काढणं.

आई, बाबा आणि धाकटा भाऊ पुना कानबाई बुडवून परतताना जीप उलटून गेले, तेव्हापासून मी तिचं नावच टाकलं होतं. तू मला धरणगावला पोटच्या पोरासारखं वाढवलंस. तरी दुकानाच्या उद्घाटनाला, तू पुढेच बसलेली असताना, मी माइकवर ऐटीत बोललो, "पोरका झालो, कोणी आपलं मानलं नाही. एकट्याच्या जिवावर उभा राहिलो!" टाळ्या पडल्या. त्यात मला तुझ्या बांगड्याही ऐकू आल्या. माझे कान तिखट, काय करणार.

काल गहू काढायच्या आधी तुझ्या ज्ञानेश्वरला फोन लावला. "सुरुवात कोणापासून करायची रे?"

तो हसला. "दादा, आई तं दरसाल पहिले तुनी मूठ काढस, मंग मनी!"

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर तुला तो वाचून दाखवेल, आणि माझं माइकवरचं ते बोलणं त्याच्या तोंडून तुला पुन्हा ऐकावं लागेल. रोट घेऊन मीच येतो.

त्याला विचारलं, उद्घाटनाच्या वर्षी? त्याही वर्षी पहिली मूठ माझीच होती.

तुझाच,
हिरामण