बुकातली चेटकीण

आये, आज बिडीच्या कारखान्यात मी बुक वाचलं. शुक्रवार पेठेतल्या त्या खोलीत धा-बारा बाया बिड्या वळत बसत्यात, त्यात अक्षर वळखणारी मी एकलीच. तिसरीतनं शाळा सुटली, पण वाचाया येतं. म्हणून माज्या वाटणीच्या बिड्या त्या वळत्यात आन मी वाचते. बुकात एक चेटकीण हुती. नखं ईतभर, डोळं लाल, लोकांची पोरं खाती. शेवटाला गाव तिला जाळतं आन सुखी हुतं. म्हातारी अक्का म्हणली, "ते जाळायचं पान पुन्ना वाच की गं, बरं वाटलं बघ." समद्या हसल्या. मी वाचलं, दात खाऊन.

लिवणाऱ्यानं चेटकीण कवा बघितली? मी बघितली हाय. ती पहाटं भाकऱ्या थापायची, शेजारणीच्या पोराचं नाक पदरानं पुसायची, आन मला म्हणायची, "मुंडी वर करून बोल की, तोंडात घास हाय का?"

आपल्या गावात, कुंभारीला, त्या दुपारी चुलत्याची सात मेंढरं तोंडाला फेस येऊन पडली. देवरुषी आला. त्यानं सुपात जोंधळं टाकलं, दोन-दोन दाणं बाजूला सारलं, शेवटाला एक उरला. "घरातलीच रांडाव बाई हाय," म्हणला. तू चुलत्याला म्हणलीस, "भावजी, कालच मी कोकरांना हातानं दूध पाजलं की." तो म्हणला, "त्येच तर." तुजं केस कापलं, बाभळीच्या फोकानं मारत वेशीभाईर काढलं. चवथ्या दिशी वड्याकाठी तू जीव सोडलास. देवरुषी कोंबडं घेऊन गेला.

मेंढरं काय खाऊन आली, कुणी इचारलं न्हाय. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं ती. पाऊस नसला की कापल्या जोंधळ्याचा कवळा फुटवा इख असतो, हे त्येंच्यातल्या लेकराला बी ठावं. तरी सुपाकडं बघत बसली मुडदी.

हा कागद धाडू कुटं? हितंच लिवते, हितंच फाडते.

त्या दिशी मेंढरांमागं मी हुते. हिरवं दिसलं म्हणून फुटव्यात मीच घातली. दाणं मोजताना मी उंबऱ्यात उभी हुते, समदं ठावं हुतं. लोक म्हणत्यात, पोरगी लाजरी हाय. तवा गप ऱ्हायले ती लाजंनं न्हवं, आये. मार तुला बसत हुता, मला न्हाय, येवढंच कळत हुतं.