आईचा हिरवा चेहरा

धुळे, रविवार, संध्याकाळ

आज नाना, माझे वडील, साक्रीहून आले आणि थेट मी काढत असलेल्या आईच्या चित्रासमोर उभे राहिले. चेहरा अजून नुसता हिरवा आहे. इटलीचे जुने चित्रकार त्वचेखाली हिरवा थर देत. त्यावर गुलाबी रंग जिवंत दिसतो. नानांना हे आधीच सांगायला हवं होतं का?

"दवाखानामा अशीच दिसे ती," एवढंच बोलून ते खाली बसले. आई तिथून घरी आलीच नाही.

मी समजावलं, हा थर वाळल्याशिवाय वरचा रंग लावता येत नाही.

"मी आठेच बठस." वाळेपर्यंत ते इथून हलणार नव्हते.

तो हिरवा रंग मग मलाही बघवेना. ओल्यावरच गालांना गुलाबी लावला. रंग मळला, चित्र बहुधा बिघडलं. नाना मात्र, दारात कुणी आल्यासारखे, उठून जवळ आले.

"आते घर उनी ती," म्हणाले.