बेटावर पाठवलेलं रडणं

प्रिय शाजलीदादा,

आधी बकरीचं सांगते. आपण बकरी घेतलेली नाही. तू वायरलेसवर “घरात बकरी कधी आणली?” असं विचारलंस, तेव्हापासून आई तुझ्यावर फुगून बसली आहे. ते तुझ्या लेकीचं रडणं होतं.

वादळात बेटावरचा मोबाइलचा मनोरा पडला, तबर्काहून निघणाऱ्या बोटी बंद झाल्या, तू दीपगृहात अडकलास आणि नेमकी तेव्हाच वहिनी बाळंत झाली. मुलगी झाल्याचा मजकूर वायरलेसवरून तुला पोचला, पण आईचं समाधान होईना. “लेक झाल्याचं त्याने काय नुसतं वाचायचं? आवाज पाठव,” म्हणाली. वायरलेसची वाट इतकी चिंचोळी, की जेमतेम अक्षरं जातात; तिच्यातून आवाज जायचा कसा? तेव्हा मला आवाज आटवून इवलासा करणारा तो प्रोग्राम आठवला. मागे उन्हाळ्यात मी हौसेने तुझ्याही संगणकावर घालून ठेवला होता बघ. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: कच्चा आवाज कुठे आहे, आटवून कुठे ठेवायचा आणि किती आटवायचा. आधी आईलाच बोलायला लावून पाहिलं. पहिल्या खेपेला माझा आकडा चुकला आणि आई उंदरासारखी चिरकली. वहिनी टाके दुखेपर्यंत हसली. दुसऱ्या खेपेला बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा का होईना, आईचाच आवाज आला. मग बाळाची पाळी. हा प्रोग्राम बोलत्या माणसाच्या गळ्याचा अंदाज धरून आवाज आटवतो. तान्ह्या पोरीचा टाहो त्याला कुठला झेपायला!

बकरीचा घोळ निस्तरल्यावर तुझ्या आवाजातलं उत्तर आलं. मी ते उलगडून लावलं तेव्हा सगळ्या जणी बाळंतिणीसाठी केलेलं झरीर खात बसल्या होत्या, तोंडं तीळ-मधाने चिकट. सर्दी झालेल्या माणसासारखा तू बोललास, “अल्जिया, फार दमलीस का? मी तिथे हवा होतो.” बाळ कोणासारखं दिसतं, नाव काय ठेवायचं, काहीच विचारलं नाहीस. वहिनीने वाटी खाली ठेवली. “परत लाव,” म्हणाली. मी लावलं. मग लॅपटॉप उचलून ती आपल्या खोलीत गेली आणि आतून तेच वाक्य कितीदा तरी ऐकू आलं.

पुढचं वायरलेसवर सांगण्यासारखं नव्हतं, तिथे सगळा किनारा कान लावून असतो. बाळाचा चाळिसावा दिवस आटोपला, समुद्रही निवळला आणि आज पहिली बोट सुटली. बोटवाल्या मुख्तारने हा कागद वर आणून दिला असेल. गप्प राहायची त्याला मीच ताकीद दिली आहे. दादा, खिडकीतून धक्क्याकडे बघ. वहिनी बोटीत बसली आहे, लेकीला घेऊन, राहायच्या तयारीने. त्या खडकावर कधी पाय ठेवणार नाही, असं लग्नातच बजावलं होतं तिने. आज निघताना म्हणाली, “हात द्यायला तो खाली आला, तर उतरेन.” वाचत काय बसलास? पळ.

तुझीच,
रीम