मुकादम आणि आई

सोमवार, ४
घर आवडलं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. सामान लावताना माझी तारांबळ उडाली आणि आई खुर्चीत बसून हसत राहिली. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून तिचा डावा हात उचलत नाही आणि उत्तर यायला वेळ लागतो. काही विचारावं, दोन भांडी घासून व्हावीत, तेव्हा कुठे उत्तर येतं. पण येतं ते खणखणीत. घर कसं वाटतं विचारलं, तर बऱ्याच वेळाने म्हणाली, घर बरंय ठमे, तूच वेंधळी.

मंगळवार, ५
नोकरी नवी, बसायचं घरीच. टीमप्रमुखांना सगळे काका म्हणतात, वय माझ्याएवढंच. कंपनीचे शेकडो प्रोग्राम सांभाळणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरला इथे मुकादम म्हणतात. त्याला फाइलीत लिहून द्यायचं, अमुक काम कायम चालू हवं. तो सारखा विचारतो, बरं आहे का? मुदतीत उत्तर आलं नाही, की ते काम मारतो आणि त्याच जागी नवं कोरं उभं करतो. मला तो आधी माझ्या लॅपटॉपवर, चाचणीपुरता बसवायचा आहे. चाचणीतल्या कामांना घरच्या माणसांची नावं द्यायची, ही इथली रीत. त्याशिवाय पडलेल्या कामाची कुणाला कणव येत नाही, असं काकांचं म्हणणं.

गुरुवार, ७
बसला एकदाचा मुकादम. पहिल्या कामाचं नाव 'आई'. मुदत अगदी कमी ठेवली, मला कुठे धीर. दुपारी मुदतीत उत्तर न आल्याने ते काम पडलं आणि त्याने लगेच नवं उभं केलं. स्वतःवर खूश होऊन आईला सांगायला गेले. जाता जाता बरं वाटतंय का विचारलं, तर माझं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, बरी आहे. दोन्ही हातांनी टॉवेलची घडी घालत होती. तिच्या गळ्यात पडून मी पोटभर रडले.

शुक्रवार, ८
डॉक्टर चक्रावले. झटका येऊन गेल्याची खूणच सापडत नाही, म्हणाले. आठवण हळूहळू परत येईल, असंही म्हणाले, कारण त्यांच्यासमोरच तिने मला विचारलं होतं, तुम्ही कोण. परत येताना तिचा हात धरला. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. तो नाही.

शनिवार, ९
'आई' पडल्याची वेळ आणि ती बरी झाल्याची वेळ एकच आहे. पडलेलं काम कुठे जातं, काकांना विचारलं. कुठेच नाही, म्हणाले. तिला उत्तराला वेळ लागायचा, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मुदत मीच ठेवली. रडू येत नाही. जेवले, ओटा पुसला. फाइलीतला मजकूर खोडला तर हीसुद्धा जाईल. मुदत वाढवली तरी तेच, कारण ज्या कामाच्या मजकुरात काही बदललं, ते मुकादम मारून नवं उभं करतो.

सोमवार, ११
माझ्या खोलीत येताना दार वाजवते. अहोजाहो करते. पाहुणी आली आहे जणू. एका फाइलीतली कामं एकमेकांना ओळखतात, असं काका बोलता बोलता म्हणाले. आईचाच मजकूर त्याच फाइलीत खाली चिकटवला आणि नाव माझं घातलं. तिने मला ओळखावं, एवढंच.

मंगळवार, १२
ओळखते. सकाळी ठमे म्हणाली. आनंद व्हायला हवा होता — काहीच झालं नाही. मग तिने विचारलं, बरी आहेस का. बरी आहे म्हटलं. पुन्हा विचारलं. दिवसभर तेच, त्याच सुरात. मुकादमाचा प्रश्न, तिच्या तोंडून.
फाइल पाहिली. मजकुराबरोबर माझ्या नावाला मुदतही तीच आली — तेवढीच तोकडी. आता बदलायची कशी — बदललं की मी —

बुधवार, १३
न्हाणीघराच्या दाराबाहेरूनही विचारते. बरी आहे. शब्द तोंडात तयार ठेवते. आज उशिरा येतायत. आत सगळं सुन्न — विचारलेलं कळतं, सांगायचं राहून —

गुरुवार, १४
कुणाला तरी कळावं म्हणून. माझी आई गेली. ही ती नव्हे. उद्या माझ्या जागी कुणी हसून बोललं तर —
ती उंबऱ्यात आली आहे. विचारलं तिने. एवढी ओळ पुरी करून सांगते की मी