तीन तारखेच्या आत, चर्चमार्गे

१८ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ११.२०
आई फोनवर मंगलाकाकूंशी बोलत होती. मंगलाकाकू म्हणजे आभाची आई. कानावर आलं ते असं: तीन तारखेलाच ठरला ना निरोप समारंभ, बदलीचं कळल्यापासून माझा तर कशात जीव लागत नाही हो. पुढचं ऐकवलं नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

म्हणजे आभा चालली. तिचे बाबा, दिलीपकाका, बँकेत. इथे येऊन चार वर्षं झाली, बदली येणारच होती. कलकत्त्यातली आपली अर्धी मराठी घरं अशीच. कुणी बँकेचं, कुणी रेल्वेचं. गणपतीत ओळख होते, दिवाळीत फराळाचे डबे फिरतात आणि मग एक दिवस शाल-नारळ घेऊन माणसं निघून जातात.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर सविस्तर आलं असणार. पण ग्रुप मी ऑगस्टमध्येच सोडलाय. गणपतीच्या नाटकात मला पडदा ओढायला दिला होता. माणसाला स्वाभिमान असतो.

निश्चय: तीन जानेवारीच्या आत आभाला सांगायचं. समोर उभं राहून. मेसेज नाही, इमोजी नाही.

१९ डिसेंबर
प्लॅन तयार. आभा इतिहासात एमए करते. तिचा ग्रुप दर रविवारी हुगळीकाठच्या जुन्या चर्चची नोंद करतो. २१ ला श्रीरामपूर, २८ ला बंडेल. सगळं तिच्या स्टेटसवर आहे. मी एकटा तिथे उगवलो तर पाठलाग केल्यासारखं दिसेल. कुटुंबासकट गेलो तर ती सहल. शिवाय विनीताताईची पोरं सुट्टीत आमच्याकडेच आहेत. अथर्व नऊ वर्षांचा, सानिका सहा. कलकत्त्याच्याच न्यू टाउनमध्ये वाढलेली, आपापसात बंगालीतच भांडतात. त्यांना वारसा दाखवणं मामाचं कर्तव्य आहे.

आईला म्हटलं, मुलांना जुनी चर्च दाखवू या. आई लगेच म्हणाली, जाऊ या रे, चार वर्षांत काही बघितलं नाही, पुन्हा कोण येतंय इकडे. बाबांनीही पेपर खाली ठेवून मान हलवली. माझ्या बोलण्यात वजन आहे. कॉलेजला ते कळलं नाही. म्हणून तर सहाव्या सेमिस्टरला कॉलेजनं मला गमावलं.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.१५
मी तयार. निळा शर्ट. ती श्रीरामपूरला दहा ते एक आहे. गार्डन रीचच्या घरून सातला निघालो की साडेआठला तिथे. दीड तास सरावाला मिळेल.

सकाळी ९.४०
अजून घरीच. आई धपाटे करतेय. म्हटलं, वाटेत खाऊ काहीतरी. ती म्हणाली, सतरा धपाटे झालेत, आता तीनच राहिलेत. बाबा टायरची हवा बघतायत. काल पण बघितली होती. सानिकाचा एकच बूट सापडलाय.

दुपारी ३.३०, श्रीरामपूर
पेनाचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलं. रागानं.

गाडी मी चालवत होतो. शेजारी बाबा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस शेजारी बसला की प्रत्येक चौकात परीक्षा असते. पिवळा दिसला की हात वर. पिवळा म्हणजे तयारी, घाई नव्हे, सुश्रुत. हिरवा झाला तरी दोन्हीकडे बघायला लावतात. मागचे हॉर्न वाजवून शिव्या देत होते. त्या मला.

पोरांना गुंतवायला खेळ काढला. रस्त्यात क्रॉस दिसला की एक मार्क. पंधरा मिनिटांत सानिकाचे एकेचाळीस, अथर्वचे तीन. ती औषधांच्या दुकानांवरची चिन्हं मोजत होती. अथर्व म्हणाला, हे चीटिंग आहे. ती म्हणाली, मामानं क्रॉस म्हटलंय, चर्च म्हटलं नाही. निकाल द्यायला मला गाडी बाजूला घ्यावी लागली. बाबा म्हणाले, नियम आधी लिहून द्यायचे असतात. आई म्हणाली, थांबलोच आहोत तर धपाटे खाऊन घेऊ.

पोचलो दोन वाजून दहा मिनिटांनी. डॅनिश लोकांचं चर्च, दोनशे वर्षांच्या वरचं, पांढरं, उंच. दाराला कुलूप. बाहेरचा चहावाला म्हणाला, कॉलेजची मुलंमुली होती, तासाभरापूर्वी गेली.

तासाभरापूर्वी. म्हणजे वाटेत खाल्लेल्या सात धपाट्यांपूर्वी.

आई कुलपाशी उभी राहून म्हणाली, बाहेरून तरी बघितलं, छान वाटलं. बाबांनी तिचा फोटो काढला. मग तिनं बाबांचा काढला. या दोघांना कशाचीच घाई कशी नाही.

२३ डिसेंबर
घरात खोकीच खोकी. आई आवरतेय. इडलीपात्र आणि मोठी कढई शेजारच्या बॅनर्जीकाकूंना देऊन टाकली. विचारलं तर म्हणाली, वर्ष संपत आलं ना. आमच्या घरात नवीन वर्ष फारच मनावर घेतात. बाबांनी विचारलं, तुझी पुस्तकं कुठल्या खोक्यात घालू. म्हटलं, घाला कुठल्याही, मला इंजिनिअरिंग आता लागत नाही. ते काहीतरी बोलणार होते. मी दार लावून घेतलं. जोरात नाही. वारा होता.

२४ डिसेंबर
पोरं बंडेलला यायला तयार नाहीत. अथर्व म्हणतो, चर्च बघितलं, कुलूप होतं. घरी सोडून जावं तर आई थांबेल, आई थांबली की बाबा थांबतील, मग मी एकटा, म्हणजे पुन्हा पाठलाग. म्हणून गोष्ट रचली. बंडेलच्या चर्चमध्ये एक पोर्तुगीज खलाशी आहे. बुडाला, पण अजून तिथे राहतो. जो मुलगा शांतपणे चालतो त्याला तो दिसतो.

अथर्व एका पायावर तयार. सानिका काहीच बोलली नाही. प्रभावित झाली असावी.

अथर्वला विश्वासात घेतलं. म्हटलं, तिथे एक ताई भेटेल, मला तिच्याशी पाच मिनिटं बोलायचंय, तेवढा वेळ आजीआजोबांना सांभाळ. त्यानं विचारलं, ती कोण. म्हटलं, जमलं तर तुझी मामी. कुणाला सांगू नकोस. त्यानं शपथ घेतली. मुलांना जबाबदारी दिली की ती मोठी होतात.

२७ डिसेंबर
भाषण लिहून झालं. चार पानं. पहिलं पान कलकत्त्यावर, दुसरं बदल्यांच्या नोकरीमुळे तुटणाऱ्या नात्यांवर. ती तिसऱ्यावर येते. आरशासमोर म्हटलं तर अकरा मिनिटं लागली. पाचात बसवायला कलकत्ता काढावं लागेल.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.२५, बंडेल
पोचलो. वेळेत. चर्च दहाला बंद होतं असं सगळ्यांना सांगितलं होतं. नेतृत्व म्हणजे हेच.

आभा आतल्या अंगणात आहे. जुन्या कबरींवरची अक्षरं वहीत उतरवून घेतेय. पिवळी ओढणी. पाच मिनिटांत आयुष्य बदलणार.

सकाळी ९.५०
सानिका फाटकाशी बसलीय. आत येत नाही. मला खलाशी दिसायला नको, असं म्हणते. समजावलं की खलाशी खोटा आहे. ती म्हणाली, मग तू खोटं का सांगितलंस. सांगितलं की तो खरा आहे पण चांगला आहे. ती रडायला लागली. रांगेतली एक बाई मला बंगालीत बरंच काही बोलली. त्यातलं निम्मं कळलं, तेवढं पुरेसं होतं.

दुपारी १२.४०, घराखाली, गाडीत
झालं ते क्रमानं लिहितो.

सानिकाला कडेवर घेऊन, तिचे डोळे माझ्या खांद्यात दाबून आत गेलो. आभासमोर उभा राहिलो. भाषणाचं दुसरं पान तोंडात होतं. इतक्यात अथर्व आजीआजोबांना घेऊन तिथेच आला. आभाकडे बघून विचारलं, हीच का मामी. मी म्हटलं, तो लहान आहे. तो म्हणाला, मी नऊ वर्षांचा आहे. आभाच्या बंगाली मैत्रिणी मराठी समजत नाहीत, पण मामी त्यांच्याकडेही मामीच. तिघी तोंडावर हात ठेवून कबरीमागे गेल्या.

आभानं वही मिटली. रागावली नाही. म्हणाली, बरं झालं भेटलास, तीन तारखेच्या गर्दीत बोलणं होणार नाही. म्हटलं, मलाही तेच सांगायचंय, तू जायच्या आत. ती म्हणाली, मी कुठे जातेय. तुम्ही चाललात ना बिलासपूरला. तुझ्या बाबांची बदलीची ऑर्डर तर दिवाळीनंतर लगेच आली. तुझ्या आईचं मानपत्र मीच लिहितेय.

मागे वळून बघितलं. बाबा जळत्या मेणबत्त्यांकडे एकटक बघत होते. आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती, बराच वेळ.

चार पानं शर्टाच्या खिशात आहेत. तिसरं पान जवळजवळ ठीक आहे. पहिली दोन चुकीच्या माणसाबद्दल लिहिली गेली.

परतीला बाबांनी एकाही सिग्नलला हात वर केला नाही. ते जास्त झोंबलं.

२९ डिसेंबर
विचारलं, मला का नाही सांगितलं. बाबा म्हणाले, तू शांत असशील तेव्हा सांगू म्हणून थांबलो होतो. कधीपासून थांबलात. दहा नोव्हेंबरपासून. म्हटलं, मी शांतच असतो. हे थोडं मोठ्यानं म्हटलं गेलं. बॅनर्जीकाका दारात येऊन उभे राहिले. लोणच्याची बरणी फुटली. मी फोडलेली नाही. मी टेबलावर हात आपटला, बरणी आपली आपण पडली.

आई काचा गोळा करताना म्हणाली, पाच वेळा सांगायला तुझ्या खोलीत आले होते रे. पाचही वेळा तू आधी चिडलेला होतास.

३० डिसेंबर
निर्णय: मी बिलासपूरला येणार नाही. कलकत्त्यातच राहणार. कारण विचारलं तर करिअर. सगळ्यांना धक्का बसेल.

संध्याकाळी ५.१०
धक्का बसला नाही. बाबा म्हणाले, बरं. विनीताताई फोनवर म्हणाली, माझ्याकडे राहा, तुझ्या भावोजींना विचारलंय मी. पण दोन अटी. संध्याकाळी पोरांचं तू बघायचं आणि कॉलेजात पुन्हा प्रवेश घ्यायचा फॉर्म भरायचा. म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, करू नकोस, भर. माझी खोली म्हणजे पोरांचीच खोली. दुमजली पलंगाचा खालचा मजला माझा. तात्पुरतं आहे.

३ जानेवारी, शनिवार
समारंभ झाला. मानपत्र आभानं वाचलं. चांगलं लिहिलंय, आईच्या धपाट्यांवर अख्खा परिच्छेद. आई रडली. बाबा शाल खांद्यावर तशीच ठेवून दीड तास सगळ्यांशी बोलत बसले. मी खुर्च्या लावल्या. सांगितलं नव्हतं, तरी लावल्या.

चहाच्या टेबलाशी आभा एकटी दिसली. चार पानं काढली नाहीत. म्हटलं, मी इथेच राहतोय. तुझ्यासाठी. एवढंच. अकरा मिनिटांचं चार सेकंदांत झालं.

तिनं कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, सुश्रुत, मला गणपतीपासून माहीत आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे. तू वाईट नाहीस. पण तू नाटक मध्येच सोडलंस, ग्रुप सोडलास, कॉलेज सोडलंस. मला भीती वाटते अशा माणसाची.

म्हटलं, आणि मी काही शेवटपर्यंत केलं तर? ती म्हणाली, तर ते तुझ्यासाठी चांगलं होईल. माझं उत्तर बदलणार नाही. मग म्हणाली, खरंच काही करायचं असेल तर अकरा तारखेला मंडळाच्या बालविभागाची सहल आहे, न्यायला कुणी मोठं मिळत नाहीये.

मी हो म्हटलं. ती पहिल्यांदा हसली. मी वाईट नाही, हे ती स्वतःहून बोलली. नोंद करून ठेवतो.

७ जानेवारी
आईबाबा गेले. गाडी सुटताना बाबांनी खिडकीतून हात वर केला. मी पण केला. स्टेशनवरून न्यू टाउनला येईपर्यंत सानिकानं माझं बोट सोडलं नाही. रागवायला कुणी नव्हतं, त्यामुळे जरा चुकल्यासारखं होतंय.

फॉर्म उघडला. तिसऱ्या पानावर कॉलेज सोडण्याचं कारण विचारलंय. बंद केला. उद्या.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ८.३५, बसमध्ये
बराकपूरच्या जुन्या चर्चला चाललोय. चौतीस मुलं, एक ड्रायव्हर, मी. आभाला फोन केला होता, की येतेस का. तिचा आज सेमिनार आहे. ती म्हणाली, डोकी मोजत राहा. तीनदा मोजली. दोन जण खिडकीच्या जागेवरून मारामारी करतायत. एकीला घरी जायचंय. मी उठून ओरडलो, सगळे गप्प बसले, आणि मग ती एकटी रडायला लागली. माझ्या ओरडण्याचा कुणालाच फायदा होत नाही, हे या वर्षात पहिल्यांदा लक्षात आलं. वर्ष अकरा दिवसांचंच आहे म्हणा.

पुढच्या चौकात उतरून निघून जावंसं वाटलं. दार ड्रायव्हरच्या हातात आहे.

मागच्या सीटांवर सगळ्यांशी कुजबुजून झाल्यावर अथर्व पुढे येऊन शेजारी बसला. विचारलं, मामा, आभाताई आली नाही? म्हटलं, नाही. मग आपण कशाला चाललोय? चर्च बघायला, मी म्हटलं.

तो हसला. त्याचं समजू शकतो. पण बाकीचे तेहतीस का हसले, ते कळलं नाही.